पुसलेली सोनाबाई

"मले माह्या मायचा आवाज पायजे," कमलाबाई थूल आल्या आल्या म्हणाल्या. समोर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाला त्यांनी हातही लावला नाही.

वर्ध्यात खाजगी गुप्तहेराचा धंदा म्हणजे लग्नाआधी मुलाची चौकशी आणि लग्नानंतर नवऱ्याची. विमा कंपनीतली तपासनिसाची नोकरी सोडून मंजुषा देवतळेने हे ऑफिस थाटलं, तेव्हापासून तिने हरवलेले दागिने शोधले होते, पळालेला एक जावईही शोधून आणला होता. आवाज शोधून द्या म्हणून कोणी आलं नव्हतं.

"माय कुठी असते तुमची, आजी?" सचिनने विचारलं. सचिन तिचा मावसभाऊ. मोबाइलने त्याचा फोटो स्टुडिओ बुडवल्यापासून तो ताईची गाडी चालवायचा आणि आपण निम्मे गुप्तहेर आहोत असं धरून चालायचा.

"मेली ना बापा. जमाना झाला."

सचिनने जीभ चावली. मंजुषाने त्याच्याकडे न बघता खुर्ची कमलाबाईंच्या जवळ ओढली.

"सुरुवातीपासून सांगा, आजी."

कमलाबाई समुद्रपूरजवळच्या एका खेड्यातून एसटीने आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, नजर मात्र ताठ. त्यांचे वडील महार पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले ते गेलेच. कमलाबाई तेव्हा आईच्या मांडीवर होत्या.

"कागद नाई आला, तार नाई आली, काईच नाई आलं. माय म्हने, मेला म्हून कोणं सांगतलं नाई तं मेला कसा? मरेपर्यंत हातभर हिरव्या बांगड्या घातल्या तिनं. लोक हासत. तिले फरक नाई पडे."

"आणि आवाज?"

"कॉलेजचे सातपुते सर आलते टेप घेऊन. लढाईवर गेलेल्या मानसाच्या घरी घरी गेलते ते. मी सासरी होती तवा. सोनाबाई नाव मायचं, तिनं तासभर सांगतलं म्हने. मंग ती मेली. यंदा त्या सरच्या पोराचा फोन आला, राकेश नगराळे नाव त्याचं, शिकते त्यांच्यापाशी. म्हने, आजी, कॅसेटी कम्प्युटरात भरून राह्यलो, तुमच्या मायची बी हाय, बोलता बोलता बांगड्या वाजतेत तिच्या. भरून झाली का आनून देतो."

पुढचं बोलणं कमलाबाईंना जड जात होतं.

"मंग तो घरी आला. आंगणात उभा राहून रडला. म्हने, कॅसेट पुसल्या गेली. कोणं पुसली तं सांगत नाई. लोक म्हनतेत त्यानंच पुसली. कॉलेजनं काढून टाकलं त्याले."

"आईचा एखादा फोटो?"

"फोटो काढाले समुद्रपूरले जा लागे. कोण नेते तिले? चेहरा आठवते मले, बाई. आवाज आठवत नाई. डोळे मिटून बसतो, लय जोर करतो, पन नाईच येत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कोणं पुसली ते नंतर पाहा. कुठी थोडा बी उरला असन तं मले आयकवा."

मंजुषा होय म्हणाली. इतकं लगेच होय ती एरवी म्हणत नसे.

*

डॉ. प्रभाकरराव सातपुते हे नाव वर्ध्यात माहीत नसलेला माणूस मिळणं कठीण. त्यांचा विषय युद्ध आणि समाज. लढाया कोणी जिंकल्या हे त्यांनी कधी लिहिलं नाही. गडी पलटणीत गेल्यावर मागे बैल कोणी हाकले, पोरी कोणी उजवल्या, बायकांनी काय केलं, हे त्यांनी लिहिलं. गावोगाव सायकलने आणि एसटीने हिंडून म्हाताऱ्या बायकांची बोलणी टेप करून आणली. त्यावर एक पुस्तक झालं आणि त्या पुस्तकाने त्यांना दिल्लीला नेलं, परदेशांत नेलं, पुरस्कार दिले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात अजून सत्काराच्या शालींचा ढीग होता.

मृग लागायला अवकाश होता आणि ऊन अजून मे महिन्याचंच होतं. सरांच्या अभ्यासिकेत खिडकीतला कूलर इतका घुरघुरत होता की सचिनला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागलं.

"होळीपासून हा बंद होत नाही," सर म्हणाले. "दिवसरात्र चालतो. माझ्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी." त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. कप्प्याकप्प्यांत कॅसेटी उभ्या लावल्या होत्या. "उन्हाळ्यात फीत खराब होते."

कपाटाशेजारच्या भिंतीवर एक वाक्य चौकटीत लावलं होतं, सुंदर अक्षरांत.

"सरकारने माणूस नेला आणि कागद पाठवला. मी त्या कागदासमोर बांगड्या फोडल्या. – सोनाबाई."

"हे वाक्य कुठंतरी ऐकलं आहे," मंजुषा म्हणाली.

"सगळीकडे ऐकलं असेल. बऱ्याच भाषांत गेलं ते. युद्धावरच्या परिषदांत अजून सुरुवातीला म्हणतात." सर वाक्याकडे बघत नव्हते. "त्या बाईनं मला घडवलं, असं म्हटलं तरी चालेल."

"आणि पुसली गेली तीही हीच सोनाबाई."

"तिची एकटीची नव्हे. समुद्रपूर तालुक्याचा अख्खा कप्पा गेला. सगळ्या म्हाताऱ्या." ते कपाटाकडे वळले. "हे बघा."

त्यांनी एक कॅसेट पुढे केली. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे दात असतात. ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. ह्या कॅसेटचे दात मोडलेले होते, पण त्या भोकांवर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती.

"ही युक्ती आम्ही पण करत होतो," सचिन उत्साहाने म्हणाला. "जुन्या गाण्याच्या कॅसेटीवर नवी गाणी भरायची असली का—"

"म्हणजे ही युक्ती अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक आहे," मंजुषा म्हणाली. "किल्ल्या कोणाकडे होत्या, सर?"

"एक माझ्याकडे, एक राकेशकडे. मी कोणाचं नाव घेतलं नाही. कॉलेजनं विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं, की किल्ल्या दोनच आहेत."

"तुमचं आणि राकेशचं भांडण झालं होतं?"

"विद्यार्थी मोठा झाला की गुरू लहान दिसायला लागतो. बाकी काही नाही."

टेबलावर सरांचा जुना टेपरेकॉर्डर होता, अंगातच माइक असलेला. मंजुषाने तो उलटा केला. खालचं बॅटरीचं झाकण उघडलं तर आतल्या पट्ट्या गंजून हिरव्या पडल्या होत्या.

"सेल फुटले होते आत," सर म्हणाले. "आता वायर लावली तरच चालतो."

कूलरच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं म्हणून तिने कानांवर हेडफोन चढवला आणि पुसलेल्या कॅसेटी एकामागून एक लावल्या. सचिनला वाटलं, कोरी फीत ऐकण्यात काय अर्थ? पण ती डोळे मिटून ऐकत राहिली. मधेच तिने हेडफोन त्याच्या कानाला लावला.

"काय ऐकू येतं?"

"काहीच नाही. कोकीळ ओरडून राह्यली. खुर्ची कुरकुरली. लांब कुठं तरी... ताई, ही बुद्ध जयंतीची मिरवणूक आहे ना? बुद्धं सरणं चालू आहे भोंग्यावर."

"मे महिना. म्हणजे रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं आणि जुन्या आवाजावर ह्या खोलीतला आवाज भरला. खुर्ची कुरकुरते, म्हणजे कोणीतरी इथंच बसून होतं." तिने हेडफोन काढला. "कसलं स्वच्छ रेकॉर्डिंग आहे, नाही?"

सचिनला त्यात कौतुकासारखं काही दिसलं नाही.

*

विमलाबाईंनी समोरच्या खोलीत चहा दिला. सरांच्या पत्नी. बोलक्या, आणि नवऱ्याबद्दल बोलायची संधी न सोडणाऱ्या.

"त्या खोलीत मी पाय ठेवत नाही, बाई. जन्मभर मेलेल्या लोकांची बोलणी ऐकली मी. पोरगी झोपवायची तर आत कोणी तरी रडून राह्यलं. पाहुणे जेवून राह्यले तर आत कोणाचा तरी पोरगा लढाईत मरून राह्यला. आणि ह्यांनी इथं कोणाची मुलाखत घ्यायची म्हणजे आम्ही घामानं निथळायचं. पंखा बंद, कूलर बंद, कुकरची शिटी काढून ठेवा. आवाज येतो म्हणे मशीनमध्ये. मला घामोळं आलं तरी चालेल, मशीनला आवाज नाही यायला पाहिजे."

"मग कॅसेटी पुसल्या ते बरंच झालं तुम्हाला," सचिन म्हणाला. मंजुषाने त्याच्या पायावर पाय दिला.

विमलाबाईंना राग आला नाही. "म्या पुसल्या असत्या तर पंधरा वर्षांपूर्वीच पुसल्या असत्या. तवा ताकद होती. आता दुपारी जेवली का ह्या खोलीत कूलरपुढं पडते, ते चहापर्यंत. आत कोण येते, कोण जाते, देव जाणे."

"मे महिन्यात कोण येत होतं?"

"राकेश रोज. आणि एकदा ते समुद्रपूरचे रूपराव भोयर आले होते. ह्यांच्याशी तणतण करून गेले. राकेश चांगला पोरगा आहे हो. ह्यांनीच हॉस्टेलात टाकला, ह्यांनीच शिकवला. बापासारखं केलं त्याचं." त्यांनी कप गोळा केले. "आता त्याचं नाव काढलं तर हे ताटावरून उठतात."

*

रूपराव भोयर माजी सरपंच. गावाच्या तोंडाशी त्यांनी आजोबांच्या नावाची सिमेंटची कमान बांधली होती, 'वीर जवान' असं लाल अक्षरांत लिहून.

"मी पुसा म्हून सांगतलं होतं," ते सरळ म्हणाले. "लपवाचं काय त्याच्यात? आजोबाचा पाय लढाईत गेला म्हून कमान बांधली. अन् आमची आजी त्या कॅसेटीत सांगून बसली का बुढा दारू पिऊन खेचरावरून पडला. तो राकेश ते कम्प्युटरात टाकनार, मंग गावभर वाजनार. मी सरले म्हटलं, तेवढं काढून टाका. सर म्हने, पुरावा आहे, हात लावता येत नाई. मी म्हटलं, पुराव्यानं काय कमान पाडू काय मी?"

"कॅसेट पुसायची कशी ते माहीत आहे तुम्हाला?"

"बस स्टँडवर कॅसेटीचं दुकान होतं माह्यं, बाई! माहीत कसं नाई? पन एका बाजूले अर्धा-पाऊन तास लागते. अख्खा कप्पा म्हंजे आठवडाभर ठिय्या देऊन बसा लागन. सरनं तं मले चहा होईपर्यंत बी बसू नाई देल्लं."

गाडीत बसल्यावर सचिन म्हणाला, "ह्यानंच केलं असन. तोंडावरून वाटते."

"तोंडावरून तर तू पण चोर वाटतोस," मंजुषा म्हणाली. "पवनारला घे."

*

पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ एका पत्र्याच्या खोलीत राकेश नगराळे शिकवणी घेत होता. पोरं सुटली तसा तो बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. विद्यापीठातली त्याची पीएच.डी.ची नोंदणी थांबवली होती. त्याने बचावासाठी एक अर्जही केला नव्हता.

"का नाही केला?" मंजुषाने विचारलं.

"काय लिहू?"

"पुसल्या नाहीत, असं लिही."

तो नदीकडे बघत राहिला. "सरांनी मला माणूस केलं, मॅडम. आमच्या घरात शिकलेला पहिला मी."

"कॅसेटी तू संगणकावर कशा घेत होतास? माइक लावून?"

"नाही. टेपरेकॉर्डरमधून सरळ वायर. खोलीतला आवाज येतच नाही मग. माझ्या कानाशी कूलर बोंबलत असायचा दिवसभर."

"सोनाबाईंची कॅसेट ऐकलीस तू?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "तिच्यापर्यंत पोचलोच नव्हतो."

"बुद्ध जयंतीला कुठं होतास?"

"मिरवणुकीत. सरांच्या गल्लीच्या पलीकडूनच गेली."

"कोणी पुसल्या, राकेश?"

"माझ्यावर आळ आहे ना? राहू द्या. त्या कप्प्यातल्या म्हाताऱ्या आता परत येणार नाहीत. मग माझं नाव राहिलं काय नि गेलं काय."

परतीच्या वाटेवर सचिन म्हणाला, "ताई, पोरगा साधा आहे."

"साधा आहे. आणि खोटं बोलला."

"काऊन?"

"तेच विचारायला उद्या सगळ्यांना सरांकडे बोलावू. कमलाबाईंनाही. त्यांना बोलवायला मन होत नाही, पण बोलवावं लागेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या अभ्यासिकेत कमलाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. राकेश दाराशी उभा होता. विमलाबाई पहिल्यांदाच त्या खोलीत येऊन बसल्या होत्या. कूलर घुरघुरत होता. रूपरावांना बोलावलं नव्हतं.

"सर, एक विनंती," मंजुषा म्हणाली. "सोनाबाई गेल्या. निदान त्यांच्या मुलीचे दोन शब्द टेप करून ठेवा. नवी कॅसेट आणली आहे."

सरांचा चेहरा जरा उजळला. बऱ्याच दिवसांत कोणी त्यांना त्यांचं काम सांगितलं नव्हतं. ते उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी कूलर बंद केला, येताना पंखाही बंद केला, मग खुर्चीत बसून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

खोली एकदम शांत झाली. बाहेर कोकीळ ओरडली ती सगळ्यांना ऐकू आली.

"थांबा, सर," मंजुषा म्हणाली. "आता तुम्ही काय केलंत?"

"टेप सुरू केला."

"त्याच्या आधी?"

उत्तर विमलाबाईंनीच दिलं, "कूलर बंद केला. नेहमीचंच आहे ते."

"तेच. पुसलेल्या कॅसेटींवर कोकीळ आहे, खुर्ची आहे, गल्लीपलीकडची मिरवणूक आहे. कूलर नाही. मे महिन्यात, ह्या खोलीत, जिथं होळीपासून कूलर दिवसरात्र चालतो."

"लाइट गेली असन," सचिन म्हणाला.

"लाइट गेली असती तर टेपही चालला नसता. त्याचं बॅटरीचं खोकं गंजलंय. म्हणजे वीज होती, आणि कोणीतरी हाताने कूलर बंद करून बसलं. एकदा नाही, दर कॅसेटला. आवाज नष्टच करायचा, तर खोलीत कूलर चालू आहे की बंद, ह्याची कोणाला पडली आहे? रूपराव चहापुरतेही बसले नव्हते. विमलाताई त्या उकाड्यात दुपार काढणार नाहीत. राकेश वायर लावून काम करतो, कूलर बंद करायची त्याला सवयच नाही. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी ज्याचा हात आपोआप पंख्याकडे जातो, असा माणूस ह्या घरात एकच आहे. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ यावेत म्हणून घाम गाळलेला. पुसतानाही तुम्ही रेकॉर्डिंग स्वच्छच केलंत, सर."

सरांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवला, पण नाही म्हणाले नाहीत.

विमलाबाईंच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं.

"पण काऊन?" सचिनने विचारलं. "त्यांच्याच तर कॅसेटी होत्या. जन्माची कमाई."

"म्हणूनच. राकेशने कमलाबाईंना फोनवर काय सांगितलं होतं? बोलता बोलता बांगड्या वाजतात. मला म्हणाला, कॅसेट ऐकलीच नाही. न ऐकता बांगड्या कशा कळल्या? त्याने ऐकली होती. आणि बांगड्या वाजल्या ह्यात खोटं काही नव्हतं, कारण सोनाबाईंनी मरेपर्यंत त्या घातल्या होत्या. कागद कधी आला नव्हता, म्हणून." मंजुषाने भिंतीकडे बोट केलं. "आता ते वाक्य वाचा."

सचिनने वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण कमलाबाईंना वाचता येत नव्हतं. वाचता वाचता त्याचा आवाज लहान झाला.

"असं माय म्हने?" कमलाबाईंनी विचारलं. "बांगड्या फोडल्या म्हून? कवा फोडल्या? मी पाह्यल्या ना तिच्या मौतीत. हातातच होत्या."

"सर," मंजुषा हळूच म्हणाली, "हे वाक्य कोणाचं?"

सरांनी चौकटीकडे बघितलं.

"माझं," सर म्हणाले. "पण खोटं नव्हतं ते. कागद आल्याचं मला एकीनं सांगितलं होतं, बांगड्यांचं दुसरीनं. तुकडे तुकडे मिळाले होते गावोगावी. मला ते एका तोंडून हवं होतं. नोकरी कच्ची होती, प्रबंध अडला होता. सोनाबाई दुसरंच काहीतरी बोलत होत्या, तासभर. शेवटी मी म्हटलं, आजी, असं म्हणा. त्यांनी म्हटलं. मग ते छापलं गेलं, आणि मला थांबवता आलं नाही."

"आणि राकेश ती कॅसेट जगाला ऐकवणार होता."

"त्यानं मला विचारलं. एकटं गाठून विचारलं. मी म्हटलं, तू ऐकलं नाहीस असं समज. पण त्याचे डोळे बदलले होते." सरांनी राकेशकडे बघितलं नाही. "एकच पुसली असती तर कोणीही विचारलं असतं, हीच का? म्हणून सगळा कप्पा पुसला. राकेश नसेल तेव्हा, प्रत्येकीसमोर बसून पुसला. उठून जाता आलं नाही."

"आणि पोराचं नाव जाऊ दिलंत," विमलाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याशी इतकं हळू बोलल्या असतील.

"तू का गप्प बसलास?" सचिनने राकेशला विचारलं.

"माझा प्रबंध त्याच वाक्यावर उभा आहे," राकेश म्हणाला. "सर पडले असते तर मी पण पडलो असतो. नुसती भक्ती होती असं सांगितलं तर मीही खोटाच." त्याने खिशातून मोबाइल काढला. "मॅडम, थोडा उरला आहे. यंत्र नीट चालतं का बघायला मी कॅसेट ऐकली त्या दिवशीच ते वाक्य शोधून तेवढंच घेतलं होतं. आजीला द्यायची हिंमत झाली नाही."

कमलाबाई उठून उभ्या राहिल्या. "लाव," त्या म्हणाल्या.

राकेशने लावलं. आधी सरांचा तरुण आवाज आला, घाईतला.

"आजी, एकदा सरळ म्हणा. सरकारनं माणूस नेला."

"सरकारनं मानूस नेला." म्हातारा, दमलेला आवाज. कमलाबाईंनी भिंतीला हात टेकवला.

"अन् कागद पाठवला."

"कागद कुठी आला, बापा?"

"तुम्ही म्हणा फक्त."

"कागद धाडला."

"मी त्या कागदासमोर बांगड्या फोडल्या."

आवाज थांबला. मग बांगड्या वाजल्या, बहुतेक तिने हात हलवला असावा, आणि ती कंटाळून म्हणाली, "म्या बांगड्या फोडल्या. झालं?"

तेवढंच होतं. राकेशने पुन्हा लावलं. कमलाबाईंनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. कूलर बंद होता आणि सगळ्यांच्या अंगातून घाम वाहत होता.

"तिचाच व्हय," कमलाबाई म्हणाल्या. "असाच होता. 'कागद कुठी आला, बापा' हे तिचं हाय. बाकीचं सरचं हाय. पोरा, मले तेवढंच दे. बाकीचं कापून टाक."

राकेशने मान हलवली.

कमलाबाई सरांकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"सर, माय तासभर बोलली म्हन्ता. दुसरंच काईतरी बोलली म्हन्ता. काय बोलली? माह्यं नाव घेतलं का तिनं?"

"घेतलं," सर चटकन म्हणाले. "घेतलं होतं, कमलाबाई. दोनतीनदा घेतलं. कमली म्हणाल्या. कमली सासरी आहे, तिची आठवण येते, असं म्हणाल्या. मला आठवतं. शपथ घेऊन सांगतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कमलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना विश्वास ठेवायचा होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं.

"घेतलं बी असन, सर," शेवटी त्या म्हणाल्या. "पन तिच्या तोंडी तुम्ही किती टाकलं, अन् तिनं किती म्हटलं, हे आता कोण सांगन मले?"

त्यांनी पदर सावरला आणि समुद्रपूरच्या गाडीची वेळ विचारली.

सचिनने त्यांना बस स्टँडवर सोडलं. परत येऊन गाडीत ताईशेजारी बसला तरी त्याने चावी फिरवली नाही.

"ताई, सर खरं बोलले का ते? नाव घेतल्याचं?"

मंजुषाकडे एरवी अशा प्रश्नांची उत्तरं असायची. त्यासाठीच लोक तिच्याकडे यायचे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आता कोणालाच कळणार नाही, सचिन. सरांना सोडून."